एक पिरियड, एक ब्रेक, एक सिगार

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ब्रॅम्प्टनला राहतो. कॅनडातला हा माझा चौथा हिवाळा. क्रिकेटवेडा माणूस आइस हॉकीच्या नादी कधी लागला ते कळलंच नाही. शनिवारी संध्याकाळी सातला टोरांटोच्या लीफ्स संघाची मॅच लागली की मी जागचा हलत नाही. गेल्या वर्षी एका मित्राने क्यूबाहून, वारादेरोच्या किनाऱ्यावर एका माणसाकडून घेतलेल्या दहा जाड सिगार आणून दिल्या. मी हौसेने पंचवीस सिगार मावतील असा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार दमट ठेवायचा डबा, घेतला, आतून ओल्या फडक्याने पुसला आणि त्यात त्या ठेवल्या. जानेवारीत पाहिलं तर वरचं पान तडकलेलं. तरीही पहिल्या ब्रेकमध्ये गॅरेजात जाऊन एक पेटवली. बाहेर उणे बारा. लायटर पेटेना, सिगार दर दोन मिनिटांनी विझे. ती संपवण्याच्या नादात दुसरा पिरियड गेला आणि शेवटी घाम फुटून ओकारी आली. बायको म्हणते, जॅकेटला वास येतो, घरात आणू नकोस. मुलगी सहा वर्षांची आहे. मला महिन्यातून एखादीच सिगार मॅचबरोबर नीट ओढायची आहे. चुकतंय कुठे? आणि मार्चमध्ये अमेरिकेतल्या बफेलोला तिथल्या सेबर्स संघाची मॅच बघायला जाणार आहे, तिथल्या भावासाठी दोन क्यूबन सिगार नेल्या तर चालेल का?

उत्तर

पान तडकलं, लायटर रुसला, ओकारी आली या तिन्ही गोष्टींचं बोलू. पण तुमचं पहिलं चुकलं ते वेळेच्या हिशेबात, म्हणून आधी तो मांडू.

एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या मॅचमध्ये २० मिनिटांचे तीन पिरियड असतात, पण घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं. शिवाय प्रत्येक पिरियडमध्ये तीनदा जाहिरातींसाठी खेळ थांबवतात. त्यामुळे एक पिरियड प्रत्यक्षात पस्तीस ते चाळीस मिनिटं चालतो. मधला ब्रेक सुमारे १८ मिनिटांचा. या अठरातली चार मिनिटं बूट, जॅकेट, टोपी चढवण्यात जातात आणि दोन सिगार पेटवण्यात. उरली बारा. तुमच्याकडची जाड सिगार, वर्णनावरून रोबुस्टो मापाची, म्हणजे लांबी पाच इंच आणि जाडी ५० रिंग. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणून ५० रिंगची सिगार पाऊण इंचाहून थोडी जास्त जाड. हिला सावकाश ओढलं तर पन्नास मिनिटं ते तास लागतो. बारा मिनिटांच्या खिडकीतून ही जाणार कशी? हाफ कोरोना नावाची साडेतीन इंची लहान सिगारसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं घेते. ब्रेकमध्ये बसेल अशी चांगली सिगार नसतेच. जी बसते ती घाईत ओढलेली असते, आणि घाईत ओढलेली सिगार कडू लागते.

आता हाच हिशेब उलटा करून बघा. एक पिरियड सदतीस मिनिटांचा धरला आणि त्याला अठराचा ब्रेक जोडला की पंचावन्न होतात. रोबुस्टोचा वेळ बरोबर तेवढाच. म्हणून सिगार ब्रेकमध्ये कोंबू नका, पिरियडसकट बसवा. पहिला पिरियड घरात, जेवता जेवता बघा. दुसऱ्या पिरियडच्या फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू होताना, गॅरेजात पेटवा, ब्रेक संपेपर्यंत संपवा, आणि तिसऱ्या पिरियडला हात-तोंड धुऊन घरच्यांबरोबर सोफ्यावर या. शनिवारच्या सातच्या मॅचला ही वेळ साधारण आठ ते नऊची येते. पोटात जेवण असतं, हे फार महत्त्वाचं. का ते खाली येईल.

झुरक्यांच्या वेगालाही मॅचचा उपयोग करून घ्या. सिगारचा ढोबळ नियम मिनिटाला एक झुरका. याहून भराभर ओढली तर ती आतून तापते, याहून सावकाश ओढली तर विझते. खेळाडूंची एक शिफ्ट, म्हणजे बदली होईपर्यंतचा बर्फावरचा वेळ, पाऊण मिनिटाच्या आसपास असते आणि मधल्या शिट्ट्या धरल्या तर दर सव्वा मिनिटाला माणसं बदलतात. तेव्हा बेंचवरची माणसं बदलली की एक झुरका. जाहिरातीला खेळ थांबला की दोन. पॉवर प्ले चालू असताना, म्हणजे शिक्षेमुळे एका संघाचा माणूस दोन मिनिटं बाहेर असताना, मात्र सिगार खाली ठेवा, कारण तेव्हा हात आपोआप तोंडाकडे जातो आणि दोन मिनिटांत सहा झुरके होतात. गॅरेजात मॅच बघायला टॅब्लेट न्याल, तर त्याची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात ठेवून रेडिओवरचं समालोचन ऐकणं जास्त सोयीचं. फक्त घरातल्या टीव्हीपेक्षा ते काही सेकंद पुढे किंवा मागे असतं, तेव्हा आतून ओरडा आला तर दचकू नका.

आता थंडी. तुमच्या बाकीच्या सगळ्या तक्रारी तिच्याच पोटातून निघतात.

सिगारमध्ये तीन थर असतात. आत भरलेली पानं म्हणजे फिलर, त्यांना बांधून ठेवणारं बाइंडर, आणि सगळ्यात वर दिसतं ते रॅपर. पेटलेल्या टोकाकडून तुमच्या तोंडाकडे येणारा धूर गरम आणि ओला असतो. तो आतल्या पानांना फुगवतो. त्याच वेळी बाहेरची उणे बाराची कोरडी हवा रॅपरला आक्रसवते. आतून फुगणारं पोट आणि वरून आखडणारा सदरा, मग बटण तुटणारच. म्हणून थंडीत चीर बहुधा जळत्या कडेच्या थोडी पुढे पडते. ७२ टक्के आर्द्रतेत ठेवलेली दमट सिगार थंडीत जास्त तडकते, कारण तिच्यात फुगायला पाणी जास्त असतं. हिवाळ्यात ओढायच्या सिगार ६२ ते ६५ टक्क्यांतच ठेवा.

दुसरी गोष्ट विझण्याची. गार हवा जळत्या टोकाची उष्णता खेचून घेते. ते टिकवायला तुम्ही भराभर झुरके मारता. शिवाय उणे बारामध्ये तोंडातून निघणारी नुसती वाफही धुरासारखी दिसते, त्यामुळे किती धूर येतोय याचा अंदाज चुकतो. भराभर झुरक्यांनी आतलं तापमान चढतं, चव करपट होते आणि तेवढ्याच वेळात निकोटीन जास्त जातं. तुम्हाला फुटलेला घाम हा या साखळीचा शेवटचा दुवा.

लायटरचं कारण साधं आहे. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो द्रवच राहतो, वायू होऊन नळीतून वर येत नाही. लायटर शर्टाच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा आणि वापर झाला की लगेच परत तिथेच. जेट ज्योतीचा लायटर वाऱ्यात बरा, पण तो एका जागी धरला तर रॅपर कोळसा होतं. पेट्रोलवर चालणारा लायटर थंडीत पेटतो खरा, पण त्याचा वास पहिल्या इंचभर सिगारीत राहतो. लांब काडी वापरलीत तर गूल पूर्ण जळून जाऊ द्या, मगच ती सिगारीजवळ आणा.

कापायचं काम घरातच उरकून घ्या. सिगारीच्या तोंडात धरायच्या टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिच्या गोलाईचा वरचा दीड ते दोन मिलिमीटर भाग कापायचा, टोपी जिथे सरळ अंगाला मिळते त्या रेषेच्या खाली कधीही नाही. तिथे कापलं की रॅपर उलगडतं. गारठलेली टोपी काचेसारखी फुटते, म्हणून सिगार खोलीच्या तापमानाला असतानाच कापा आणि नळीत घालून आतल्या खिशातून बाहेर न्या. भोक पाडणारा पंच थंडीत टाळा. धुरातला ओलावा त्या लहान भोकाशी थंडावून डांबर साचतं आणि तोंडात कडवट थेंब येतो. सरळ कापणारी गिलोटिन बरी.

पेटवताना घाई नको. टोक ज्योतीच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर धरून सिगार बोटांत फिरवत राहा, पंधरा-वीस सेकंद. कड सगळीकडून राखाडी झाली की मग तोंडात धरून ज्योतीपाशी दोन-तीन हलके झुरके. टोकावर फुंकर मारून बघा, सगळा गोल सारखा लाल दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर तेवढीच पुन्हा पेटवा. हे केलं नाही तर सिगार एका बाजूने होडीसारखी जळत जाते. एकीकडून वारा येत असेल तरीही तसंच होतं. तेव्हा मागे राहिलेली बाजू खाली करून धरा, थोड्या वेळात ती बरोबरीला येते. नाही आली तर लायटरने हात द्या, त्यात कमीपणा नाही.

आकाराबद्दल एक उलटं वाटेल असं सांगायचं आहे. थंडीत लवकर संपावी म्हणून लोक बारीक सिगार घेतात. बारीक सिगार उष्णता धरत नाही, ती जास्त विझते. घ्यायची तर आखूड पण जाड, चार इंच आणि ५० रिंगच्या आसपासची, जिला पेटिट रोबुस्टो म्हणतात. ती पस्तीस-चाळीस मिनिटं चालते. रॅपर ब्रॉडलीफ जातीचं, गडद आणि जाड असलं तर तडकायला कठीण. कनेक्टिकट शेड आणि कॅमेरून ही पानं तलम, थंडीत ती पहिली जातात. गडद रॅपर म्हणजे कडक सिगार असा समज आहे तो सोडा. कडकपणा बहुतेक आतल्या भरण्यावर ठरतो, विशेषतः झाडाच्या शेंड्याकडची लिगेरो पानं किती घातली आहेत यावर. तुम्हाला एकदा ओकारी आलेली आहे, तेव्हा दुकानात शब्द असे वापरा: रॅपर ब्रॉडलीफ, भरणा सौम्य, लिगेरो कमी. २०२० पासून कॅनडात खोकी एकाच मातकट रंगाची झाली आहेत, त्यामुळे दिसण्यावरून काही कळत नाही, विचारावंच लागतं.

पण खरा सल्ला वेगळाच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सिगारीला सुट्टी द्या. हॉकीचा नियमित हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन एप्रिलच्या मध्याला संपतो, मग जूनपर्यंत प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या. दक्षिण ओंटारियोत ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पुढचा सगळा काळ सिगारला मानवणारा. पाच अंशांच्या वर रोबुस्टो खुशाल. पाच ते उणे पाचमध्ये पेटिट रोबुस्टो. उणे पाचच्या खाली काहीच नको. अगदी राहवलं नाही तर मॅच संपल्यावर, साडेनऊनंतर एक हाफ कोरोना. २२ नोव्हेंबर २००३ ला एडमंटनला उघड्या मैदानात मॅच झाली तेव्हा उणे अठराच्या आसपास होतं, आणि मॉन्ट्रियलचा गोलकीपर जोसे थिओडोर मुखवट्यावर लोकरी टोपी चढवून खेळला. त्याला खेळायचे पैसे मिळत होते. तुम्हाला गॅरेजात कुडकुडायचे कोणी देत नाही.

आता ह्युमिडॉर. विड्याची पानं आपण ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, त्या सवयीने लाकूड ओल्या फडक्याने पुसावंसं वाटतं. इथेच घोळ झाला. नव्या ह्युमिडॉरच्या आतलं देवदार हाडाचं कोरडं असतं. वरवर पुसलं की वरचा थर फुगतो, चिरतो, आतला कोरडाच राहतो. मग त्यात ठेवलेल्या सिगारमधलं पाणी लाकूड पिऊन टाकतं. त्यात कॅनडातलं हिवाळी घर. घर गरम करणारी भट्टी चालू असली की घरातली आर्द्रता २५-३० टक्क्यांवर येते. तुमच्या सिगार दोन्हीकडून लुटल्या गेल्या.

पुन्हा सुरुवात करा. सगळ्या सिगार बाहेर काढा. बाजारात आर्द्रता राखणाऱ्या सीलबंद पिशव्या मिळतात, त्यातली ८४ टक्क्यांची ६० ग्रॅमची एक पिशवी पंचवीसच्या डब्याला पुरते. ती आत ठेवून झाकण लावा आणि १४ दिवस उघडू नका. खरंच उघडू नका, रोज डोकावणाऱ्याचा ह्युमिडॉर कधी तयार होत नाही. पंधराव्या दिवशी ती काढून ६५ टक्क्यांची ६० ग्रॅमची पिशवी ठेवा. दोन दिवसांनी आकडा स्थिर दिसला की सिगार आत. पिशवी कडक झाली की संपली. लाकडी डब्यात हिवाळ्यात ती दोन-तीन महिने जाते. डबा भट्टीच्या झरोक्यापासून आणि खिडकीपासून लांब, १८ ते २१ अंशांत ठेवा. सफरचंदाची फोड किंवा बटाटा आत ठेवायचा जुना उपाय कोणी सांगेल. त्याने आर्द्रता वाढते आणि चार दिवसांत बुरशीही वाढते.

डब्याबरोबर आलेल्या आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळवायचं नाही. ते आणि मापक एका झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी सांगतो, पुढे कायम सहा मिळवायचे. याला खर्च शून्य आहे, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हे सगळं जड वाटत असेल तर ह्युमिडॉर शोभेला ठेवा. घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लास्टिकचा डबा आणि ६५ ची एक पिशवी. तयारी काही नाही, गळती काही नाही. दिसायला पोळ्यांचा डबा, पण कॅनडाच्या हिवाळ्यात काम लाकडापेक्षा चोख करतो. महिन्याला एकच सिगार ओढणाऱ्याने लाकूड घ्यावं कशाला, असं आमचं स्पष्ट मत.

तडकलेल्या सिगारचं काय? त्या एकदम ६९ मध्ये टाकल्या तर फिलर झटकन पाणी पिऊन फुगेल आणि उरलेलं रॅपरही उलेल. आधी ६२ च्या पिशवीबरोबर बंद डब्यात दोन-तीन आठवडे, मग ६५ मध्ये. ओलावा परत येतो, उडालेलं तेल येत नाही, त्यामुळे चव थोडी सपाट राहील. लहान चीर असेल तर जॅममध्ये घालतात ते पेक्टिन चिमूटभर, चमचाभर पाण्यात कालवून बोटाने लावा, पाच मिनिटं दाबून धरा. चीर टोपीपासून अर्ध्या सिगारपर्यंत गेली असेल तर सोडून द्या, हवा खाईल, ओढता येणार नाही.

तुमच्या बाबतीत मात्र हा खटाटोप करण्याआधी एक प्रश्न आहे. वारादेरोच्या वाळूवर कारखान्यातून थेट आणल्याच्या बाता मारत विकल्या जाणाऱ्या सिगार जवळपास नेहमी नकली असतात. आत कुठली पानं, किती देठ, कुठली धूळ, कोणाला ठाऊक नसतं. एक सिगार उभी चिरून बघा. लांब, अखंड पानं दिसली तर नशीब. चुरा, जाड शिरा, देठांचे तुकडे दिसले तर उरलेल्या टाकून द्या, मित्राला सांगू नका. रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर तो तंबाखूचा किडा, त्याची अंडी पंचवीस अंशांच्या वर फुटतात आणि तो शेजारच्या चांगल्या सिगारही पोखरतो. हिरवट-निळी केसाळ बुरशी दिसली तरी केरात. सगळं ठीक दिसलं तरी डब्यात घालण्याआधी दोन झिपच्या पिशव्यांत बंद करून तीन दिवस उणे अठराच्या फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट फ्रीझरमधून खोलीत काढल्या तर तडकतात, हे आता तुम्हाला सांगायला नको.

ओकारी म्हणजे निकोटीन चढलं. तुम्ही धूर छातीत घेत नसाल असं धरतो, घ्यायचा नसतोच. पण सिगारचा धूर क्षारधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. रिकामं पोट, भराभर झुरके आणि अनोळखी कडक भरणा, तीनही तुमच्या वाट्याला आले. पुन्हा गरगरलं तर सिगार ठेवून द्या, बसा, पाणी प्या, साखर घातलेला चहा किंवा सरबत घ्या आणि तासभर गाडी चालवू नका. तळाचे चार-पाच सेंटिमीटर उरले की थांबा. तिथे धूर गरम होतो आणि निकोटीन साचलेलं असतं, शेवटपर्यंत ओढायला ती विडी नव्हे. विझवताना चिरडू नका, नुसती ठेवून द्या. वास कमी येतो.

आणि जे आहे ते सांगायलाच हवं. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. धूर गिळला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका उरतोच. महिन्याला एक ही तुमची मर्यादा रोजच्या सवयीपेक्षा नक्कीच बरी, पण ती निरुपद्रवी नाही. सवय वाढू लागली, म्हणजे मॅच नसतानाही हात डब्याकडे गेला, तर डबा कोणाला तरी देऊन टाका. तुम्ही स्वतः बर्फावर खेळत असाल तर खेळाच्या दिवशी नकोच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि पाऊण मिनिटाच्या शिफ्टमध्येच दम लागतो.

कार्बन मोनॉक्साइडवरून गॅरेज आठवलं. बंद गॅरेजात प्रोपेनचा हीटर लावून बसू नका, जीव जाऊ शकतो. लावायचाच तर विजेचा, आणि बाहेरचं दार निदान हातभर वर. घरात उघडणारं दार बंद, त्याच्या फटीला फडकं. पेट्रोलचा कॅन, गवत कापायचं यंत्र आधीच बाहेर काढा. राखेला पत्र्याची बादली, तळाशी वाळू. कुंडीत कधीही नाही. कुंडीतल्या मातीत पीट असतं, ते तासन्‌तास धुमसून रात्री पेट घेऊ शकतं.

बायकोचं म्हणणं बरोबर आहे. पिसांचं जॅकेट वास धरून ठेवतं आणि त्यात अडकलेला धुराचा अंश मुलीच्या नाकाशी येतो. एक जुनं, गुळगुळीत नायलॉनचं जॅकेट आणि लोकरी टोपी फक्त सिगारसाठी ठेवा, गॅरेजातच खुंटीवर. हातमोजे कातड्याचे. फ्लीसवर ठिणगी पडली की भोक पडतं. आत आल्यावर हात, तोंड, दाढी धुवा, शर्ट बदला, मगच मुलीला जवळ घ्या. गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असताना धूम्रपान ओंटारियोत कायद्यानेच बंद आहे. रेस्टॉरंटच्या पॅशिओवर बंदी आहे, आणि मुलीला स्केटिंगला नेता त्या सार्वजनिक रिंकच्या आवारात व त्याच्या २० मीटर परिसरातही. घर भाड्याचं असेल तर करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

बफेलोचं उत्तर एका शब्दात: नको. कॅनडात क्यूबन सिगार कायदेशीर विकत मिळते म्हणून गोंधळ होतो. अमेरिकेने २०१६ मध्ये प्रवाशांना स्वतःसाठी ती आणायची सूट दिली होती, ती २४ सप्टेंबर २०२० पासून काढून घेतली. आता एकही नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. रॅपरवरची पट्टी काढून नेण्याची शक्कल कोणी सुचवली तर ऐकू नका, सीमेवर खोटं बोलणं सिगारपेक्षा महाग पडतं. भावाला डोमिनिकन किंवा निकाराग्वाची तिथेच घेऊन द्या. परत येताना स्वस्त मिळाल्या म्हणून खरेदी करणार असाल तर हेही ध्यानात घ्या: ५० सिगारची करमाफी ४८ तास बाहेर राहिलेल्यांना असते. मॅच बघून त्याच रात्री परतणाऱ्याला तंबाखूवर काहीच सूट नाही. जाहीर करा, कर भरा.

शेवटी विजयाच्या सिगारबद्दल, कारण एप्रिल आला की तो प्रश्नही तुम्हाला पडणारच. ती हॉकीत जुनी प्रथा आहे. २५ फेब्रुवारी २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या महिलांनी अमेरिकेला २-० हरवून सुवर्ण घेतलं, स्टँड रिकामे झाल्यावर त्या सिगार आणि बिअर घेऊन पुन्हा बर्फावर आल्या, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. दोन्ही गोल मारणारी मरी-फिलिप पुलँ अठरा वर्षांची होती, तिथे दारूला एकोणीस पूर्ण लागतात. तर विजयाची सिगार शेवटचा भोंगा वाजल्याशिवाय कापायचीही नाही. १३ मे २०१३ ला प्लेऑफमधल्या बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सातव्या मॅचमध्ये लीफ्स तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ ने पुढे होते. आधी एक आणि शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन गोल खाऊन ४-४ झाले आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ ने गेले. कापलेली सिगार पुन्हा जोडता येत नाही. प्लेऑफच्या ओव्हरटाइमला शेवटही नसतो, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे पिरियड चालूच. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्सची मॅच सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत गेली होती.

लीफ्सनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, आणला त्या रात्रीसाठी एक सात इंची चर्चिल राखून ठेवायचा तुमचा विचार असेलच, प्रत्येक टोरांटोकराचा असतो. जूनमध्ये वीस अंश असतात, दीड तास निवांत बसता येईल. आधीचा कप १९६७ चा आहे, तेव्हा ती सिगार सेलोफेनसकट ठेवा, ६५ च्या वर जाऊ देऊ नका आणि पिशवी बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.